सायटेशन्स जास्त म्हणजे संशोधक मोठा का?

प्रश्न असा होता: मुलीला मॉलिक्युलर बायोलॉजीत पीएचडी करायची आहे, गाईड म्हणून ज्या सरांचा विचार चाललाय त्यांच्या गूगल स्कॉलरच्या पानावर 2,500 सायटेशन्स (म्हणजे इतरांनी आपल्या पेपर्समध्ये त्यांच्या पेपर्सचे दिलेले संदर्भ) आणि एच-इंडेक्स 20 दिसतो. हे कितपत चांगलं?

वाईट तर नक्कीच नाही. एच-इंडेक्स 20 म्हणजे त्यांच्या किमान 20 पेपर्सना प्रत्येकी 20 किंवा जास्त सायटेशन्स आहेत. 2005 साली हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने ही मोजपट्टी काढली. पण या आकड्यांवर माझा विश्वास का कमी झाला ते सांगतो.

मी पीएचडीच्या पहिल्या वर्षी रिपोर्ट लिहिला आणि त्यात 'लेम्ली, 1970' असा संदर्भ ठोकून दिला. सीनियरच्या थिसिसमधून जसाच्या तसा उचललेला. आमच्या लॅबमध्ये लेम्ली हे माणसाचं नाव आहे हे कुणाच्या डोक्यातच नसायचं. लेम्ली म्हणजे बफर, नमुना तयार करायचं द्रावण. प्रथिनाचा नमुना त्यात मिसळायचा, 95 अंशाला पाच मिनिटं उकळायचा (मर्कॅप्टोइथेनॉलचा सडक्या अंड्यासारखा वास बोटांना संध्याकाळपर्यंत राहतो) आणि जेलच्या, म्हणजे जेलीसारख्या पातळ थराच्या, खाचेत सोडायचा. बफरमधलं एसडीएस हे साबणासारखं रसायन प्रथिनाची घडी मोडतं आणि त्यावर ऋणभार चढवतं. मग वीज सोडली की लहान प्रथिनं पुढे पळतात, मोठी मागे रेंगाळतात. बफरमधल्या रंगाची निळी रेघ तळाशी आली की मशीन बंद.

गाईडनी रिपोर्ट वाचून एवढंच विचारलं, "हा पेपर उघडून बघितलायस?" नव्हता बघितला. उघडला तर आत बॅक्टेरियांना मारणारा टी-4 नावाचा व्हायरस! त्याचं डोकं तयार होताना काही प्रथिनं कापली जाऊन लहान होतात, हा त्या पेपरचा शोध. आम्ही रोज वापरायचो ती जेलची रीत हे दाखवण्याचं केवळ साधन होतं. केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या उलरिख लेम्ली यांना जुन्या जेलमध्ये प्रथिनांचे हवे तेवढे स्पष्ट पट्टे मिळत नव्हते, म्हणून त्यांनी आधीच्या लोकांच्या पद्धतीत एसडीएस घातलं, एवढीच ती गोष्ट.

2014 मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकाने सर्वाधिक उद्धृत पेपर्सची यादी केली, तेव्हा हा पेपर दोन लाख तेरा हजार सायटेशन्स घेऊन दुसरा होता. पहिला लौरी यांचा 1951 चा, तीन लाखांवर. तोही प्रथिन मोजण्याची रीतच. आणि वॉटसन-क्रिकचा डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा पेपर? पहिल्या शंभरातही नाही. तिथे पोचायला बारा हजारांवर सायटेशन्स लागत होती.

गंमत पुढे आहे. लेम्लींनी नंतर क्रोमोसोमवर काम केलं. 1977 मध्ये पॉलसन यांच्याबरोबर त्यांनी क्रोमोसोममधली हिस्टोन प्रथिनं (ज्यांच्याभोवती डीएनए गुंडाळलेला असतो ती) काढून टाकली आणि उरलं ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. मधे क्रोमोसोमच्याच आकाराचा सांगाडा आणि भोवती सांडलेल्या लोकरीसारखा डीएनएच्या वेटोळ्यांचा प्रचंड पसारा. माझ्या मते त्यांचं खरं काम ते. पण सायटेशन्स मोजली तर बफरच जिंकतो. आणि केवळ तो एकच पेपर लिहून ते थांबले असते तर दोन लाख सायटेशन्स असूनही एच-इंडेक्स 1 राहिला असता!

शिव्या घालायला केलेलं सायटेशनही मोजलं जातं, हे वेगळंच. 2010 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आर्सेनिकवर जगणाऱ्या जिवाणूचा पेपर आला होता. त्याला उद्धृत करणाऱ्यांत तो खोडून काढणारेही होते. 2025 मध्ये 'सायन्स'ने तो मागे घेतला.

तेव्हा तुमच्या त्या सरांच्या पानावर 2,500 या आकड्याशी थांबू नका, खाली पेपर्सच्या यादीत जा. पेपर्स सायटेशनच्या क्रमाने लावा. निम्मी सायटेशन्स एखाद्या चाळीस लेखकांच्या पेपरची असतील आणि सरांचं नाव मधेच कुठेतरी असेल, तर तो आकडा त्यांच्या लॅबबद्दल फारसं काही सांगत नाही. आपल्या क्षेत्रात लॅबप्रमुखाचं नाव सहसा शेवटी येतं आणि हातानं काम केलेल्या विद्यार्थ्याचं पहिलं. गेल्या पाच-सहा वर्षांतले, सर शेवटी असलेले पेपर्स काढा आणि पहिल्या नावांची यादी करा. ती मुलं आता कुठे आहेत ते शोधा. एकाच पोस्टडॉकचं (पीएचडी झालेल्या संशोधकाचं) नाव पुन्हापुन्हा पहिलं येत असेल आणि पीएचडीची मुलं दिसतच नसतील तर मी दोनदा विचार करीन.

आणि मुलीला एकदा लॅबमध्ये जाऊन यायला सांगा. सरांना भेटून झालं की चौथ्या-पाचव्या वर्षाच्या एखाद्या मुलीला चहाला घेऊन जायचं आणि विचारायचं, थिसिस कधी सबमिट करतेयस? ती किती वेळ गप्प बसते ते बघायचं.