सी, जावा, पायथन की तिन्ही? माझा अनुभव

आपण लिहिले आहे की बी.कॉम. झाल्यावर एका क्लासमध्ये सी, जावा आणि पायथन या तिन्ही प्रोग्रामिंग भाषांच्या एकत्रित अभ्यासक्रमाची फी भरण्याचा आपला विचार आहे आणि तेथे आपल्याला 'कंपाइल होणाऱ्या त्या पक्क्या, इंटरप्रिट होणाऱ्या त्या सोप्या' असा तक्ता देण्यात आला. तो वाचून मला माझीच जुनी वही आठवली.

कंपाइल करणे म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रामचे चालण्यापूर्वीच दुसऱ्या रूपात, बहुधा संगणकाच्या यंत्रभाषेत, भाषांतर करणे; इंटरप्रिट करणे म्हणजे तो वाचत वाचत चालवणे. तक्त्याबद्दल एवढेच सांगते की कंपाइल होणे हा भाषेचा नव्हे, तर ती चालवणाऱ्या साधनाचा गुण आहे. जावाचा आधी बाइटकोड, म्हणजे यंत्रभाषेच्या अलीकडचे मधले रूप, होतो आणि तो जेव्हीएम हा जावाचा चालक-प्रोग्राम चालवतो. पायथनचा नेहमीचा इंटरप्रिटरसुद्धा आधी बाइटकोडच तयार करतो. मग या दोघींना तक्त्याच्या दोन टोकांना का बसवायचे?

माझे नुकसान ज्या फरकाने झाले, तो तक्त्यात नव्हताच. व्हेरिएबल म्हणजे प्रोग्राममध्ये माहिती ठेवण्याची नाव दिलेली जागा; तिच्यात आकडा आहे की मजकूर, हा तिचा डेटा टाइप सी आणि जावामध्ये प्रोग्राम चालण्यापूर्वी ठरलेला असतो, तर पायथन व जावास्क्रिप्ट (वेबपानांची भाषा, जावाहून वेगळी) यांमध्ये तो चालतानाच कळतो. आणि टाइप जुळले नाहीत तर काय करायचे, हे प्रत्येक भाषा आपापल्या स्वभावानुसार ठरवते. मी केवळ सी शिकून एका सिमेंट विक्रेत्याची साठा-नोंदवही जावास्क्रिप्टमध्ये करून देण्याचे काम घेतले. वेबपानावरच्या रकान्यात भरलेला आकडा त्या भाषेला स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणून मिळतो, हे मला माहीत नव्हते. विक्रीची नोंद मी पुन्हा पुन्हा तपासली आणि ती बरोबर येत होती, कारण वजाबाकी करताना ती भाषा स्ट्रिंगचा मुकाट्याने आकडा करून घेते आणि 120 मधून 30 गेले की 90 च उरतात. आवक मात्र मी एकदाही तपासली नाही. अधिकचे चिन्ह तेथे स्ट्रिंग जोडण्याचेही काम करते, त्यामुळे 120 गोण्यांत 30 ची भर पडून साठा 12030 झाला. मालकांच्या ते चौथ्या दिवशी लक्षात आले. सगळ्या नोंदी कागदी पावत्यांवरून मला रात्री बसून पुन्हा भराव्या लागल्या आणि उरलेले पैसे मिळाले नाहीत ते नाहीतच.

पायथनही तशीच 'सोपी', पण स्ट्रिंगमध्ये आकडा मिळवायला सांगितला असता तर ती टाइपएरर, म्हणजे टाइप न जुळल्याची चूक, दाखवून जागीच थांबली असती. उलट सी टाइप आधी विचारते खरी, तरी कॅपिटल 'ए' या अक्षरात 1 मिळवायला सांगितले की बिनतक्रार 66 हे उत्तर देते, कारण संगणकात ते अक्षर 65 या क्रमांकाने साठवलेले असते. मी जेथे सी शिकले त्या क्लासमध्ये जाऊन याविषयी विचारले, तेव्हा 'तो भाग ॲडव्हान्स बॅचमध्ये आहे, त्याची फी वेगळी' असे उत्तर मिळाले. याच क्लासने टर्बो सी या सी च्या जुन्या साधनावर शिकवताना 32767 च्या पुढे बेरीज उणे का होते, या प्रश्नावर 'ते पाठ करा' असे सांगितले होते. टर्बो सी मध्ये पूर्णांकाला दोनच बाइटांची जागा मिळते आणि तीत त्याहून मोठी संख्या मावत नाही, हे एका वाक्यात सांगता आले असते!

माझे मत एकांगी असू शकेल, कारण मी हिशेबाच्या सॉफ्टवेअरपलीकडे फारसे काम केलेले नाही. उपकरणांच्या चिपसाठी प्रोग्राम लिहायचे असतील तर सी ला पर्याय शोधत बसू नका. परंतु वाणिज्य शाखेतून येणाऱ्याने सहा महिने एकट्या पायथनला द्यावेत आणि तिच्या जोडीला एसक्यूएल ही डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा घ्यावी, असे मला वाटते. एसक्यूएल हा प्रकारच निराळा आहे: कोणती माहिती हवी ते आपण सांगायचे, ती कशी शोधायची ते डेटाबेस ठरवतो. खतावणीची सवय असलेल्यांना ती लवकर जमते, असा माझा अनुभव आहे. वेबकडे वळलात तर मायक्रोसॉफ्टने 2012 मध्ये आणलेली टाइपस्क्रिप्ट, म्हणजे टाइप आधी तपासणारी जावास्क्रिप्ट, पाहा. रकान्यातल्या स्ट्रिंगला आकडा समजण्याची माझी चूक तिने प्रोग्राम चालण्यापूर्वीच दाखवली असती.

फी भरण्यापूर्वी एक तास विनामूल्य बसू द्या, असे क्लासला सांगा. पडद्यावर टर्बो सी ची निळी खिडकी उघडली, तर पैसे खिशातच राहू द्या.