फी भरली म्हणून तिसरं वर्ष?

पत्र : मुलीने बारावीनंतर नीट दोनदा दिली, सरकारी मेडिकल थोडक्यात हुकलं. तिसऱ्या प्रयत्नासाठी क्लासची फी भरली आहे. तिचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून दोन वर्षं घरी कुणाला बोलावलं नाही, गणपतीलासुद्धा. आणि ती विज्ञान दिनाला पाषाणच्या संशोधन संस्थेत जाऊन आल्यापासून ‘क्रायो-इलेक्ट्रॉन टोमोग्राफी’ घेऊन बसली आहे. सूक्ष्मदर्शकातून पेशी बघत बसण्यात कसलं करिअर? तिला समजवा.
– एक वडील, सिंहगड रस्ता, पुणे

नमस्कार. तुमच्या पत्रात मला मार्कांची काळजी वाटली नाही, गणपतीची वाटली. पुण्यातल्या घरात दोन वर्षं आरतीला शेजारीही आले नाहीत, आणि ते आपल्यामुळे, हे त्या मुलीला रोज जाणवत असणार. तुमचा हेतू चांगला आहे, पण तिच्यापर्यंत पोचते ती शिक्षाच. तिसरं वर्ष तिने स्वतः मागितलं असतं तर मी वेगळं बोललो असतो. संपूर्ण पत्रात तिने ते मागितल्याचं कुठेही नाही. भरलेली फी बुडाली तर बुडू द्या.

आता ‘पेशी बघत बसणं’. क्रायो-इलेक्ट्रॉन टोमोग्राफीत डोळा भिंगाला लावायचाच नसतो. द्रव नायट्रोजनने गार केलेल्या इथेनमध्ये पेशी इतक्या झटकन गोठवतात की बर्फाचे स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही. पाणी काचेसारखं थिजतं आणि आतलं सगळं जागच्या जागी राहतं. पेशी जाड असेल तर आयनांच्या झोताने तासून १००-२०० नॅनोमीटरचा पापुद्रा उरवतात. तो साधारण उणे ६० ते अधिक ६० अंशांपर्यंत थोडाथोडा कलवत इलेक्ट्रॉनच्या झोतात फोटो घेतात, आणि त्या सपाट फोटोंतून संगणकावर पेशीचा त्रिमितीय अंतर्भाग उभा करतात. तत्त्व सीटी स्कॅनचंच. झोत वाढवला तर नमुना खराब होतो, म्हणून फोटो अंधूकच येतात. त्यातून एखादा रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं बनवणारं इवलंसं यंत्र, नेमका वेगळा काढायचा तो गणिताने आणि प्रोग्रॅमिंगने. हे तंत्र ज्या क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीचा प्रकार आहे, तिच्यासाठी २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले दुबोशे, फ्रँक आणि हेंडरसन हे तिघेही मुळात भौतिकशास्त्र शिकलेले.

म्हणून मुली, तुलाही स्पष्ट सांगतो. दहावीनंतर तू गणित सोडलं असशील, तर ते आता पुन्हा हातात घ्यावं लागेल. पेशीची सुंदर चित्रं पाहून हरखणं आणि महिनोन्‌महिने अंधूक फोटोंशी झटणं यांत फार अंतर आहे. नीट टाळायची म्हणून हे धरलं असशील, तर दुसरं काही शोध.

वाट साधी आहे: बी.एस्सी., मग जॅम ही आयआयटींची प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी. किंवा इंटिग्रेटेड पीएच.डी. वेळ लागेल, पीएच.डी. होईपर्यंत नऊ-दहा वर्षं धरा.

बाबा, पुढचं पत्र तिला लिहू द्या. पाकीट तीच बंद करेल, तुम्ही आत काय आहे ते विचारू नका.