आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवणाऱ्या वादकाचा स्वतःचा अल्बम ऐकण्यासारखा असतो का? रॉकमधलं एखादं उदाहरण सांगाल का?

असतो. ब्रिटिश पियानोवादक निकी हॉपकिन्सचा 1973 चा 'द टिन मॅन वॉज अ ड्रीमर' ऐका. असे वादक पुढे आले की फिके पडतात, अशी शंका तुमच्या प्रश्नामागे असावी. हा अल्बम ती शंका थोडी खरी ठरवतो आणि बरीचशी खोटी पाडतो.

हॉपकिन्सचं नाव ठाऊक नसलं तरी त्याचा पियानो तुमच्या कानावरून गेलेला असणार. रोलिंग स्टोन्सच्या 'शीज अ रेनबो'ची ती लखलखीत सुरुवात त्याची. 'अँजी'तला पियानो त्याचा. जॉन लेननच्या 'जेलस गाय'मधला त्याचाच. बीटल्सच्या 'रेव्होल्यूशन'च्या सिंगलवर कर्कश गिटारींच्या मधून इलेक्ट्रिक पियानो उसळून वर येतो, तोही त्याचा. द हू, किंक्स, जेफ बेक, जेफरसन एअरप्लेन, जो कॉकर... ही यादी इथेच थांबवतो. महत्त्वाचं हे, की प्रत्येक ठिकाणी तो वेगळा वाजतो. लेननकडे अगदी मोजके सूर, स्टोन्सकडे बारमधला रांगडा ठेका, किंक्सकडे चक्क हार्प्सिकॉर्ड.

1944 साली लंडनजवळ जन्म, रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकची शिष्यवृत्ती, आणि सोळाव्या वर्षी ते सगळं सोडून रॉक अँड रोल. मग 1963 मध्ये आतड्याच्या दुखण्याने त्याला गाठलं आणि दीड वर्षाहून जास्त काळ तो रुग्णालयात पडून होता. क्रोन्सचा हा आजार त्याला जन्मभर पुरला. रोज नव्या गावी कार्यक्रम करणं त्या शरीराला झेपणारं नव्हतं, म्हणून स्टुडिओ हेच त्याचं घर झालं.

1966 मध्ये त्याच्या नावाने एक रेकॉर्ड निघाली होती, पण तिच्यात बहुतेक इतरांच्याच गाजलेल्या चाली पियानोवर होत्या. आपल्याकडेही पुण्याचे ॲकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स यांच्यासारख्या जबरदस्त वादकांच्या तबकड्या निघाल्या त्या मुख्यतः लोकप्रिय सिनेगीतांच्या धुनांच्या. वादकाला स्वतःचं काही सांगायचं असेल, हे कंपन्यांना सुचतच नसे की काय, असं मला नेहमी वाटतं आणि वाईटही वाटतं.

'टिन मॅन' म्हणूनच मोलाचा आहे. इथे चाली त्याच्या स्वतःच्या आहेत, काही इतरांच्या साथीने रचलेल्या. गायक नील यंगसोबत काम करणारा डेव्हिड ब्रिग्ज सहनिर्माता होता, आणि बीटल्सच्या लंडनमधल्या ॲपल स्टुडिओतही ध्वनिमुद्रण झालं. ज्यांना त्याने इतकी वर्षं साथ केली होती, त्यांतले कितीतरी जण इथे त्याच्या साथीला बसले: स्टोन्सचा मिक टेलर, सॅक्सोफोनवर बॉबी कीज, बेसवर क्लाउस फोरमन. बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन तर 'जॉर्ज ओ'हारा' या नावाने वाजवून गेला.

आता फिकेपणाबद्दल. त्याचा आवाज बारीक आहे, जरासा थरथरता. 'स्पीड ऑन'सारखं जोरकस गाणं त्याने जेरी विल्यम्स या गायकाला गायला दिलं, ते योग्यच केलं. पण त्यामुळे अल्बम एका माणसाचा वाटायच्या ऐवजी मधेच एखाद्या बँडचा वाटू लागतो. सगळ्या शैलींत रमणाऱ्या वादकाची ही अडचण असावी: एक गाणं ब्रास लावून नाचतं, पुढचं व्हायोलिनांच्या ताफ्यात डोळे मिटून बसतं, आणि यातला खरा तू कोणता, असं त्याला विचारावंसं वाटतं.

माझ्यापुरतं उत्तर 'द ड्रीमर'मध्ये मिळतं. तो नाजूक आवाज इथे चालीला असा काही शोभतो, की दुसऱ्या कुणी हे गावं असं वाटतच नाही. आणि 'एडवर्ड'मध्ये मिळतं, जिथे तो गातच नाही. एडवर्ड हे त्याचं टोपणनाव. 1969 मध्ये क्विकसिल्व्हर मेसेंजर सर्व्हिस या अमेरिकन बँडबरोबर त्याने त्याच नावाने एक लांबलचक वाद्यरचना केली होती, तिचंच हे नवं रूप. उजवा हात धावत सुटतो, हॅरिसनची गिटार मागून येऊन मिळते, आणि दुसऱ्यांच्या गाण्यांत दोन ओळींमधल्या फटीत मावणारा हा पियानो इथे पूर्ण अंगण घेऊन खेळतो.

ऐकताना आधी 'एडवर्ड', मग 'द ड्रीमर', आणि त्यानंतर अल्बम पहिल्यापासून सलग लावा. 1975 चा 'नो मोअर चेंजेस' नंतर ऐकलात तरी चालेल, तो मला इतका भावला नाही. हॉपकिन्स 1994 मध्ये नॅशव्हिलला वारला, जेमतेम पन्नाशीचा. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याची दखल घेतली ती थेट 2025 मध्ये.