अमेरिकेत एखाद्या व्यवसायाच्या सन्मानार्थ मिळणारी नंबर प्लेट आणि आपल्याकडचे ‘प्रेस’, ‘पोलीस’ हे एकच का?

आपण विचारले आहे की, अमेरिकेत अंतराळवीर, अग्निशामक दलाचे जवान अशांच्या सन्मानार्थ सरकारच वेगळ्या नंबर प्लेट देते, तर त्या कोणालाही घेता येतात का, त्यांचे पैसे कुठे जातात, आणि आपल्याकडे गाडीवर ‘पोलीस’ किंवा ‘प्रेस’ लिहितात त्याचाच हा अधिकृत प्रकार समजायचा का. मी फ्लोरिडात नऊ वर्षे राहिलो आणि त्यांपैकी सहा वर्षे माझ्या गाडीला अंतराळवीरांच्या स्मरणार्थ काढलेली प्लेट होती, म्हणून उत्तर मुख्यतः तिच्याच आधारे देतो. मी विमा कंपनीत दिवसभर आकडेमोड करणारा माणूस, अंतराळाशी माझा संबंध गच्चीवरून चंद्र पाहण्यापुरता. तरीही ती प्लेट मला मिळाली, यातच आपल्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आले.

28 जानेवारी 1986 रोजी ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झाले आणि त्यातील सातही जण मृत्युमुखी पडले. त्यांत क्रिस्टा मॅकऑलिफ या शाळेत शिकवणाऱ्या बाईही होत्या, त्यामुळे अमेरिकेतल्या कितीतरी वर्गांतली मुले ते उड्डाण दूरचित्रवाणीवर पाहत होती. ज्या राज्याच्या किनाऱ्यावरून यान उडाले त्या फ्लोरिडाने 1987 मध्ये ‘चॅलेंजर’ची प्लेट काढली आणि त्या राज्यातली ती पहिली खास प्लेट ठरली. ती घेणाऱ्याने नोंदणीच्या नेहमीच्या शुल्काखेरीज दरवर्षी काही डॉलर जादा भरायचे आणि त्या पैशातला वाटा अंतराळवीरांच्या स्मारकासाठी स्थापन झालेल्या संस्थेला जायचा, अशी योजना होती. 2003 मध्ये ‘कोलंबिया’ यान परतीच्या वाटेवर नष्ट झाले आणि कल्पना चावला यांच्यासह सात जण गेले, त्यानंतर त्या प्लेटवर ‘चॅलेंजर’च्या जोडीला ‘कोलंबिया’चेही नाव आले.

हे पैसे कागदोपत्री कुठे जातात हे सांगण्यापेक्षा मी जे पाहिले ते सांगतो. केनेडी अंतराळ केंद्राच्या आवारात, पर्यटकांना जाता येते त्या भागात, एका तळ्याच्या काठी काळ्या ग्रॅनाइटची प्रचंड भिंत उभी आहे. ती 1991 मध्ये खुली झाली आणि तिच्या खर्चाचा मोठा भार या प्लेटच्या पैशाने उचलला. ग्रॅनाइट इतका घोटलेला आहे की त्यात आकाश आणि ढग दिसतात, आणि मृत अंतराळवीरांची नावे दगडावर नुसती कोरलेली नसून दगडातून आरपार कापलेली आहेत, त्यामुळे मागून प्रकाश आला की ती अक्षरे ढगांवर लिहिल्यासारखी उजळतात. मूळ रचनेत ही भिंत सूर्याच्या दिशेप्रमाणे फिरत असे; ती यंत्रणा पुढे बिघडली आणि आता दिव्यांवर काम भागवले जाते. मी गेलो त्या दिवशी आभाळ भरून आले होते, त्यामुळे भिंत बरीचशी करडी दिसत होती आणि कल्पना चावला हे नाव मात्र मागच्या दिव्याने स्पष्ट वाचता येत होते. गाडीच्या नोंदणीच्या पुढच्या नूतनीकरणाला मी ती प्लेट मागून घेतली.

घेण्याची पद्धत अगदी साधी आहे. आपल्या आरटीओचे हे काम तिथे काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कर वसूल करणाऱ्या कार्यालयात होते, प्लेटला सगळे ‘टॅग’ म्हणतात, आणि खिडकीवरच्या बाईंनी मला व्यवसाय विचारलाही नाही. फ्लोरिडात प्लेट फक्त मागे लावतात, तिच्या कोपऱ्यात मुदतीचे छोटे स्टिकर असते आणि नोंदणीची मुदत मालकाच्या वाढदिवसाला संपते, म्हणजे वाढदिवसाची पहिली आठवण सरकारकडूनच येते. आपल्याकडे नंबर गाडीला चिकटलेला असतो. तिथे तो मालकाचा असतो, त्यामुळे गाडी विकताना मी स्क्रू काढून तीच प्लेट पुढच्या गाडीला लावली.

मात्र सगळ्याच व्यवसायांच्या प्लेट अशा कोणालाही मिळत नाहीत, आणि गल्लत बहुधा इथेच होते. कॅलिफोर्नियातील अग्निशामकांची प्लेट घ्यायची तर अर्जदाराला आपण सेवेत आहोत किंवा सेवेतून निवृत्त झालो आहोत याचा पुरावा जोडावा लागतो. तिच्या शुल्कातून सॅक्रामेंटोतील अग्निशामकांच्या स्मारकाला मदत होते. पहिल्या प्रकारची प्लेट चाहत्याची आणि ही दुसरी खुद्द त्या व्यवसायातल्या माणसाची, असे थोडक्यात म्हणता येईल. दोन्हींत जादा पैसे मोजणारा गाडीचा मालकच असतो आणि कायद्याने त्याला टोल, पार्किंग वा वेगमर्यादेत सवलत मिळत नाही. व्यवहारात पोलीस कधीच नरमत नाहीत असा दावा मी करणार नाही. कॅलिफोर्नियातच महामार्ग पोलिसांच्या कुटुंबांना मदत करणाऱ्या एका संस्थेकडून देणगीदारांना प्लेटभोवती लावायची चौकट मिळत असे, आणि ती लावली की दंडाची पावती टळते या समजुतीने लोक ती चौकट परस्पर विकत घेऊ लागले होते. माणसाचा स्वभाव पिनकोड बदलल्याने बदलत नाही.

आणखी एक मुद्दा कायद्याचा आहे. टेक्सासने एका संघटनेची अमेरिकेच्या यादवी युद्धातील दक्षिणेकडील बंडखोर राज्यांचा झेंडा असलेली प्लेट नाकारली तेव्हा तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2015 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की, प्लेटवरचा मजकूर हे गाडीवाल्याचे नव्हे तर सरकारचे बोलणे आहे, त्यामुळे काय छापायचे हे राज्य ठरवू शकते. अग्निशामकांचा गौरव प्लेटवर दिसतो तो या अर्थाने राज्याने केलेला गौरव असतो. मालक फक्त तो मिरवायचे पैसे देतो. प्लेट शेवटी राज्याचीच, हे भारतात परत येताना मला अनुभवायला मिळाले, कारण फ्लोरिडात गाडीचा विमा बंद करण्याआधी प्लेट परत करावी लागते, नाहीतर लायसन्स निलंबित होते. मी आठवण म्हणून ती जवळ ठेवू का असे विचारले, खिडकीवरच्या बाईंनी हसून नकारार्थी मान हलवली आणि प्लेट जमा केल्याची पावती दिली.

आता आपल्याकडचा प्रश्न. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये अक्षरांचा आकार, अंतर आणि रंग ठरवून दिलेले आहेत आणि नोंदणी क्रमांकाखेरीज मालकाच्या व्यवसायाला त्यात जागाच नाही. पांढरी, पिवळी, हिरवी, निळी ही पार्श्वभूमी वाहनाचा वापर, इंधन किंवा परदेशी वकिलात सांगते. लष्करी वाहनावरचा वर जाणारा बाण वाहन संरक्षण खात्याचे आहे एवढेच सांगतो, आत बसलेल्या माणसाबद्दल काही सांगत नाही. नोकरीवर अवलंबून असणारी एकच मालिका आपल्याकडे आहे, ती 2021 मध्ये आलेली ‘बीएच’ (म्हणजे ‘भारत’) मालिका. ती संरक्षण दलांतील व सरकारी कर्मचाऱ्यांना, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांतील कर्मचाऱ्यांना मिळते. तिचा हेतू बदलीनंतर पुन्हा नोंदणीची कटकट टाळणे हा आहे, गौरव हा नाही.

म्हणून ‘प्रेस’, ‘पोलीस’, ‘अॅडव्होकेट’ ही अक्षरे अमेरिकी प्लेटचा देशी अवतार नव्हेत. ती मालकाने स्वतःच स्वतःला बहाल केलेली असतात, त्यासाठी कोणत्याही स्मारकाला रुपयाही जात नाही, आणि बहुतेक वेळा त्यांचा वाचक एकच असतो, तो म्हणजे चौकातला हवालदार. डॉक्टरांच्या काचेवरचे पांढऱ्यावरचे लाल क्रॉस तर वेगळ्याच अडचणीत येते, कारण ते चिन्ह जिनिव्हा करार कायदा, 1960 खाली संरक्षित आहे आणि सरकारच्या परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. हे माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांना सांगितले तेव्हा त्यांनी आधी विश्वास ठेवला नाही आणि मग आठवडाभरात स्टिकर खरवडून काढले.

पुण्यात आल्यावर मी घेतलेल्या गाडीला अतिसुरक्षित प्लेट आहे, तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम आहे आणि ती न उघडणाऱ्या कुलपाने बसवलेली आहे. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ती दुसऱ्या गाडीला लावण्याचा प्रश्नच येत नाही.