‘इंग्रजीच धड येत नाही, फ्रेंच काय शिकणार?’

दहावी-बारावीचे निकाल लागले की सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो. आई-वडील विचारतात, “मॅडम, फ्रेंच घ्यावं का जर्मन? स्कोप कशाला आहे?” त्यांना जरा बाहेर बसवलं की मूल हळूच दुसरंच विचारतं, “मला इंग्रजीच धड येत नाही, मी फ्रेंच काय शिकणार?” पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाच मिनिटांत देता येतं. दुसऱ्याला कधी कधी चार महिने लागतात.

वैष्णवीला तेवढे लागले. (नाव आणि घरचे तपशील बदलले आहेत.) वय एकोणीस, बी.कॉम.चं दुसरं वर्ष, शाळा मराठी माध्यमाची. घर पूर्व भागात, वडिलांचे टॉवेलचे माग. पुण्याच्या एका ऑनलाइन वर्गात तिने हौसेने फ्रेंच लावलं होतं. बोलायची पाळी आली की कॅमेरा बंद करायचा आणि चॅटमध्ये ‘नेटवर्क गेलं’ असं लिहायचं, हे तिने सात वेळा केलं. मग वर्गाच्या तासभर आधी पोटात कळ येऊ लागली. डॉक्टरांना पोटात काही सापडलं नाही, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाठवलं.

पहिल्या भेटीत मी चूक केली. तिला हुरूप यावा म्हणून फ्रेंचचे फायदेच सांगत बसले. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाचं कामकाज इंग्रजी आणि फ्रेंच या दोनच भाषांत चालतं. फ्रान्सशिवाय बेल्जियम, स्वित्झर्लंड, कॅनडातला क्विबेक, आफ्रिकेत सेनेगल, कॅमेरून, काँगो, सगळीकडे ती चालते. तिने मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात पोट जास्त दुखलं. आधीच वाकलेल्या मुलीच्या डोक्यावर मी अजून एक पोतं ठेवलं होतं. इतक्या कामाची भाषा, आणि तीही आपल्याला जमत नाही!

दुसऱ्या भेटीत फायदे गुंडाळून ठेवले.

“तुला किती भाषा येतात?”

“नीट एकही नाही.”

“नीट राहू दे. घरी काय बोलता?”

“तेलुगू.”

“शाळेत?”

“मराठी. मागावरच्या कामगारांशी हिंदी, म्हणजे आपली सोलापुरी हिंदी. शेजारच्या आजी कानडी बोलतात, ते कळतं, थोडं बोलतेपण.” मग थांबून म्हणाली, “पण त्या धरायच्या का मॅडम?”

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून ठेवलंय. साडेतीन भाषा घेऊन फिरणारी पोर स्वतःला भाषेत कच्ची समजत होती, कारण तिच्या हिशेबात भाषा एकच, इंग्रजी. आणि तीही भाषा म्हणून नव्हे. इंग्रजी ही तिच्यासाठी पायरी होती: कोण वर, कोण खाली. तेलुगू शिकताना ती शेकडो वेळा चुकली असेल, कुणी मोजलं नाही. इंग्रजीतली प्रत्येक चूक मात्र मोजली गेली होती.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ उपचारांच्या पठडीत शिकलेली. त्याचं बरंचसं शास्त्र मराठीत एका अक्षरात मावतं असं माझं मत आहे. ते अक्षर म्हणजे ‘च’. वैष्णवीचं वाक्य होतं, “बोलायचं तर बरोबरच बोलायला पाहिजे.” बरोबर बोलावंसं वाटणं चांगलंच, पोट दुखतं ते ‘च’मुळे. म्हणून मी गृहपाठ दिला: रोज पाच मिनिटं फ्रेंच बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि त्यात निदान दहा चुका हव्यात. दहा भरल्या नाहीत तर अजून बोलायचं. ती माझ्याकडे संशयाने बघत राहिली. मी तिला एलिसची गोष्ट सांगितली. एकोणीस वर्षांचा असताना तो बायकांशी बोलायला इतका घाबरायचा, की त्याने न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात बाकावर बसलेल्या अनोळखी बायकांशी महिनाभर मुद्दाम गप्पा मारल्या. शंभरेक जणींशी बोलला. एकीने भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. पण भीती गेली. “एकपण नाही आली?” वैष्णवी पहिल्यांदा हसली.

मधल्या आठवड्यांत फार काही घडलं नाही. एकदा मात्र ती गोंधळलेली आली. कॅमेरा सुरू ठेवून तिने एक परिच्छेद वाचला होता आणि बाईंनी तिच्या ‘त’चं कौतुक केलं होतं. कारण साधं आहे. फ्रेंच ‘त’ आणि ‘द’ दातांवर जीभ टेकवून म्हणायचे, अगदी आपल्यासारखे. इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या तोंडात तिथे ‘ट’ आणि ‘ड’ येत होते. शिवाय ती मुलं दिसेल ते अक्षर वाचायची आणि फ्रेंचमध्ये शेवटची निम्मी अक्षरं नुसती लिहायची असतात. वैष्णवी कानाने शिकत होती, म्हणून तिचं पॅरिस आपोआप ‘पारी’ व्हायचं. इंग्रजीतल्या एकाच ‘यू’पाशी ती नेहमी अवघडायची. इथे समोरच्याचा मान बघून ‘तू’ किंवा ‘व्हू’. मराठीत तू-तुम्ही, तेलुगूत नुव्वु-मीरु, तिला नवीन काय होतं? चंद्र तिकडे बाई असतो, एवढंच तिला पटत नव्हतं.

खरा दिवस आला तो आकड्यांमुळे. मला फ्रेंचचं अक्षर येत नाही, त्याचा त्या दिवशी उपयोग झाला. मी म्हटलं, “माझा मोबाइल नंबर फ्रेंचमध्ये सांग बरं.” तिकडे नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात. सुरुवात अठ्ठ्याण्णवने. ती म्हणाली, “स्वासाँत-दिझ्युइत… नाही नाही, हे अठ्ठ्याहत्तर झालं! साठ आणि अठरा. अठ्ठ्याण्णव म्हणजे कात्र-व्हँ-दिझ्युइत. चार वेळा वीस, वर अठरा.” आणि खळखळून हसली. “काय हिशेब आहे मॅडम हा!”

मला एकदम माझी आजी आठवली. बार्शीच्या बाजारात कडब्याच्या पेंढ्या मोजताना ती ‘चार इसा न् अठरा’ असंच म्हणायची. शाळेत गेलेल्या आम्हा नातवंडांना त्याची लाज वाटायची. मी हे सांगितलं, तर वैष्णवी म्हणाली, “म्हणजे तुमच्या आजींना फ्रेंच येत होतं!”

मग मी विचारलं, “आत्ता काय झालं, कळलं का तुला?”

“काय?”

“तू चुकलीस. माझ्यासमोर. आणि माफी न मागता पुढे गेलीस.”

ती गप्प झाली. टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासभोवती बोट फिरवत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “इंग्रजीत मी सॉरी आधी म्हणते, मग बोलते.” तिच्या दुखण्याची ही व्याख्या मला इतक्या वर्षांत करता आली नसती. पण ती तिच्या तोंडून येईपर्यंत मी वाट पाहिली, याचं बरं वाटतं.

त्या दिवसापासून मी फ्रेंचच्या फायद्यांचा क्रम बदलला. इंग्रजीच्या धाकात वाढलेल्या मुलाला फ्रेंचचा पहिला फायदा हा, की तिथे वर्गातले जवळजवळ सगळेच शून्यापासून सुरुवात करतात. मूल मोठेपणी पुन्हा एकदा चुकत-माकत भाषा शिकतं आणि तो धीर मग इंग्रजीकडेही वळतो. वैष्णवीचा वळला.

वडिलांना मात्र हे सांगून पुरलं नाही. “टॉवेलच्या धंद्याला फ्रेंच कशाला मॅडम? पार्टी इंग्रजीत मेल करते.” उत्तर वैष्णवीनेच दिलं. डेनिम हा शब्द ‘द नीम’वरून, म्हणजे नीम गावचं कापड यावरून आला असं मानतात. नीम हे दक्षिण फ्रान्समधलं शहर. वडील विचार करून म्हणाले, “म्हणजे आपल्या सोलापुरी चादरीसारखं.” फी पुढे चालू राहिली.

आता त्या पाच मिनिटांच्या प्रश्नाचं उत्तर. इंजिनीअरिंगनंतर जर्मनीलाच जायचं असेल तर जर्मन घ्या, उगाच फ्रेंच नको. बारावीला फ्रेंच फक्त स्कोअरिंग म्हणून घेतलं तर गुण मिळतील, भाषा येईलच असं नाही. ए-वन, ए-टू या सुरुवातीच्या पातळ्यांच्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळत नाही. भाषांतर, पर्यटन, परदेशी ग्राहकांशी बोलायचं काम यासाठी बी-टू ही वरची पातळी लागते, म्हणजे साधारण पाच-सहाशे तासांचा अभ्यास. रोज तास दिला तर दीड-पावणेदोन वर्षं. कॅनडात स्थायिक व्हायच्या एक्सप्रेस एन्ट्री योजनेत २०२३ पासून फ्रेंच बोलणाऱ्यांसाठी वेगळा गट आहे, हे खरं. पण तेवढ्यावर विमानाचं तिकीट काढू नका, तिथले नियम बदलत असतात. डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र कायम चालतं. तिथे चार विभागांना पंचवीस-पंचवीस गुण, शंभरपैकी पन्नासला पास, फक्त एकाही विभागात पाचच्या खाली जायचं नाही. हे पन्नास मी मुलांना मुद्दाम दोनदा सांगते.

वैष्णवी डेल्फच्या ए-टूला बसली. हुतात्मा एक्सप्रेसने वडिलांबरोबर पुण्याला गेली. डब्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी. संध्याकाळी फोन आला.

“मॅडम, तोंडी परीक्षेत ‘वी’ म्हणायच्या ऐवजी तोंडातून ‘अवुनु’ निघालं. तेलुगूतलं हो.”

“मग?”

“मग काय, पुढे बोलले.”