तुमच्या उंबऱ्याचा फूट कोणता?

प्रश्न : पावसाळ्यात रोज बातमी असते, कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी अमुक फूट. इशारा ३९, धोका ४३, हे पाठ झालंय. पण आमच्या दारात पाणी कधी येणार, हे त्यावरून कसं ओळखायचं? – एक वाचक, शुक्रवार पेठ

उत्तर : ३९ आणि ४३ हे आकडे प्रशासनाने कधी हलायचं यासाठी आहेत. काहींच्या दारात पाणी ४३च्या आधी येतं, काहींच्या ५० फुटांनंतर. म्हणून आपल्या घराचा फूट, म्हणजे बंधाऱ्यावर किती फूट पातळी असताना आपल्या उंबऱ्याला पाणी लागतं तो आकडा, आपणच काढून ठेवायचा. भिंतीवर २०२१च्या पुराची रेघ अजून दिसत असेल, नसेल तर शेजाऱ्यांना विचारून खात्री करा. त्या रेघेपासून उंबऱ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. समजा साडेचार फूट भरलं. त्या वर्षी बंधाऱ्यावर पातळी ५६ फुटांच्या थोडी वर गेली होती. हिशेबाला ५६च धरा. ५६ वजा साडेचार, म्हणजे तुमचा उंबरा साधारण साडेएक्कावन्न फुटांवर.

बहुतेकांची चूक पुढे होते. उंबऱ्याचा फूट काढून माणूस निवांत होतो, पण घराआधी रस्ता बुडतो. घरातून बाहेर पडायच्या वाटेवर सगळ्यात सखल जागा कुठली, मोरी, ओढा की गल्लीचं तोंड, ते बघा आणि तिचाही फूट असाच काढा. बाहेर पडायची तुमची खरी मर्यादा तीच. समजा ती ४६ आली. आज पातळी ४१ आहे आणि तासाला २ इंच पाणी चढतंय. उरले ५ फूट, म्हणजे ६० इंच, म्हणजे ३० तास. दर तीन तासांनी पातळी वहीत लिहा, कारण वेग बदलतो. तोच तासाला ४ इंच झाला की ३०चे १५ तास होतात आणि त्यातली रात्र कामाची नसते. म्हणून मर्यादेच्या दोन फूट आधीच, उजेडात निघा.

हा हिशेब शहरात नदीकाठच्या घरांना बऱ्यापैकी लागू पडतो. शहरातल्या जयंती नाल्याच्या काठी नदीच्या फुगवट्यात, म्हणजे मागे तुंबलेल्या पाण्यात, नाल्याचं स्वतःचं पाणी मिसळतं, तिथे आणखी फूटभर सावधगिरी ठेवा. शिरोळ तालुक्यात मात्र राजारामचा आकडा धरून बसू नका. तिथे कृष्णेचा फुगवटा खेळ बदलतो. नृसिंहवाडीची पातळी बघा.

प्रश्न : "राधानगरीचं गेट उघडलं" असा मेसेज आला की गल्लीत धावपळ होते. खरंच एवढं घाबरायचं का? – एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की पाण्याच्या दाबानेच ते उघडतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी सुटतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. हिशेब केला तर सेकंदाला चाळीस हजार लिटर. ऐकायला प्रचंड वाटतं, पण पंचगंगेला महापूर एका दरवाजाने येत नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या सगळ्यांचं पाणी आणि धरणांच्या खाली पडणारा पाऊस कोल्हापूरजवळच्या प्रयाग संगमावर एकत्र येतो. दरवाजा उघडला याचा अर्थ, वरचा पाऊस साठवून धरायला त्या धरणात आता जागा उरली नाही. एका मेसेजने पळू नका, पण दरवाजे उघडे असताना वर घाटमाथ्यावर गगनबावड्यात मुसळधार सुरू असेल, तर वही बाहेर काढा. इथे शहरात, महाद्वारात ऊन पडलंय म्हणून पाणी वाढणार नाही, या समजुतीने फार लोक अडकतात.

प्रश्न : शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर २०१९ला येऊन गेला म्हणत होते. मग २०२१ला परत कसा आला? – एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : कारण "शंभर वर्षांतून एकदा" ही पाळी नव्हे. असा पूर कुठल्याही एका वर्षी यायची शक्यता एक टक्का, आणि येऊन गेल्यावर पुढच्या वर्षीही तितकीच. नदी मागचा हिशेब ठेवत नाही. घराचं कर्ज ३० वर्षांचं असेल, तर त्या काळात असा पूर गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. पूरनकाशावरची लाल रेषा या पुराची. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि तिच्या आत ३० वर्षांत पाणी येण्याची शक्यता ७१ टक्क्यांच्या आसपास. प्लॉट घेताना गट नंबर या नकाशावर तपासा. "गेल्या वेळी इथं पाणी नव्हतं" हा विक्रेत्याचा शब्द पुरेसा नाही.

प्रश्न : आमचे आबा ८९ आणि २००५च्या पुराचा दाखला देऊन घर सोडत नाहीत. २०१९ला त्यांना बोटीतून काढावं लागलं, तरी २०२१ला तोच हट्ट. कसं समजवावं? – एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : आबांची आठवण खरी आहे. मात्र ती पाणी तेव्हा कुठवर आलं एवढंच सांगते, यापुढे कुठवर येईल ते सांगत नाही. तरी आकडे पुढे करण्याआधी त्यांना विचारा, म्हशींचं काय? पुष्कळदा अडलेलं गोठ्यातच असतं, आणि ती काळजी रास्त आहे. एका म्हशीला दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी लागतं. अनोळखी छावणीत ते मिळेल का, दूध कोण काढेल, ही भीती त्यांना पुरापेक्षा मोठी वाटते. तेव्हा मे महिन्यातच उंचावरच्या पाहुण्यांच्या गावी गोठा ठरवा, टेम्पोवाल्याशी बोलून ठेवा, चार दिवसांची सुकी वैरण आधीच तिथे टाका, कानातल्या बिल्ल्यांचे नंबर लिहून ठेवा. रस्त्याच्या फुटाच्या दोन फूट आधी पहिली खेप जनावरांची, आणि तिच्यासोबत आबाच जातील असं ठरवा. वेळ हुकलीच, तर जनावरं बांधलेली ठेवून निघू नका. दावी सोडा, सुटत नसतील तर विळ्याने कापा. म्हैस पोहते, दाव्याला अडकलेली मात्र जागीच बुडते.