स्वादुपिंडातली गाठ: दुर्मीळ की वाढती?

न्यूरोएंडोक्राइन गाठींबद्दल, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींतून होणाऱ्या गाठींबद्दल, आलेल्या पत्रांतली चार इथे घेत आहे. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत.

वडील ६८ वर्षांचे. मूतखड्यासाठी सीटी स्कॅन केला तेव्हा स्वादुपिंडाच्या शेपटीकडे १२ मिलिमीटरची गाठ दिसली. न्यूरोएंडोक्राइन आहे म्हणाले. एकीकडे वाचतो की हा आजार लाखात एखाद्यालाच होतो, दुसरीकडे प्रमाण सहापट वाढलंय म्हणतात. खरं काय? (सहकारनगर)

दोन्ही खरं आहे. सहापटीचा आकडा अमेरिकेतला आणि शरीरातल्या सगळ्या न्यूरोएंडोक्राइन गाठींचा आहे: १९७३ मध्ये वर्षाला लाखामागे १.०९ नवे रुग्ण, २०१२ मध्ये ६.९८. नुसत्या स्वादुपिंडाचं पाहिलं तर तिथेही वर्षाला लाखामागे एकापेक्षा कमीच.

मग वाढ कशाची? १९७३ मध्ये सीटी स्कॅन नुकता कुठे येत होता. आज मूतखडा, पाठदुखी, अपघात, कशासाठीही पोटाचा स्कॅन होतो आणि न शोधलेली गाठ सापडते. सर्वांत जास्त वाढ लहान, न पसरलेल्या गाठींचीच दिसते, यावरूनही ते कळतं. दुसऱ्याच कारणाने वारलेल्यांच्या शवविच्छेदनात स्वादुपिंडाचे बारीक काप करून पाहिले, तर काही अभ्यासांत शंभरातल्या दहा जणांपर्यंत अशा इवल्या गाठी आढळल्या. त्या माणसांना आयुष्यभर त्यांचा पत्ताही नव्हता. सगळीच वाढ तपासण्यांमुळे, असं मात्र मी म्हणणार नाही.

तुमच्या वडिलांची गाठ २ सेंटिमीटरपेक्षा लहान आहे. ती हार्मोन सोडत नसेल, स्वादुपिंडाची नळी फुगलेली नसेल आणि ग्रेड (गाठ किती वेगाने वाढते याची पायरी) कमी असेल, तर लगेच ऑपरेशन न करता ठरावीक काळाने स्कॅन करत राहणं हा मान्य मार्ग आहे. निर्णय न्यूरोएंडोक्राइन गाठींचा अनुभव असलेल्या टीमबरोबर घ्या. आणखी एक: रक्तातलं क्रोमोग्रॅनिन-ए (या गाठींसाठी तपासतात ते प्रथिन) जास्त आलं म्हणून घाबरलात, असं पत्रात आहे. वडील रोज पॅन्टोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी घेतात ना? त्या गोळीनेही हा आकडा चढतो. डॉक्टरांना विचारून ती थांबवा आणि मग तपासणी पुन्हा करा.

काकांच्या रिपोर्टवर न्यूरोएंडोक्राइन लिहिलंय, पण नातेवाईक म्हणतात, स्वादुपिंडाचा कॅन्सर म्हणजे चार महिने. (कोथरूड)

नातेवाईक ज्याबद्दल बोलतात तो नेहमीचा, नळ्यांच्या पेशींतून होणारा कर्करोग. हा वेगळा आजार आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या नव्या रुग्णांत याचा वाटा लहानच असतो, पण आजार घेऊन जगणाऱ्यांत तो बराच मोठा होतो. स्वारगेटहून निघणाऱ्या बसमध्ये थेट निगडीपर्यंत जाणारे थोडेच असतात, पण ते शेवटपर्यंत बसून राहतात. म्हणून मध्ये कुठेही डोकावलं तर निगडीवाले संख्येपेक्षा जास्त दिसतात. तसंच हे. ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स यांनाही हाच आजार होता: निदान २००३ मध्ये झालं, मृत्यू २०११ मध्ये.

तरी सगळ्या गाठी मवाळ नसतात. रिपोर्टवर 'केआय-६७' (गाठीतल्या किती टक्के पेशी वाढत आहेत तो आकडा) शोधा: ३ टक्क्यांच्या आत असेल तर पहिला ग्रेड, ३ ते २० दुसरा, त्यापुढे तिसरा. गाठ यकृतात पोचली आहे का, हेही विचारा. या दोन उत्तरांवर पुढचं बरंच ठरतं.

बहीण ३४ वर्षांची. संकष्टीला चंद्रोदयाआधी असंबद्ध बोलते, घाम फुटतो. साखर दिली की दहा मिनिटांत ठीक. फिट्सची औषधं चालू आहेत. (हडपसर)

कृपया यात वेळ घालवू नका. असा त्रास होत असताना रक्तातली साखर मोजा. ती ५५ मिलिग्रॅमच्या (प्रति डेसिलिटर) खाली असेल तर त्याच नमुन्यात इन्सुलिन आणि सी-पेप्टाइडही (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत सुटणारा घटक) पाहायला हवं; एरवी रुग्णालयात देखरेखीखाली जास्तीत जास्त ७२ तास उपाशी ठेवून हीच परीक्षा करतात. हे इन्सुलिनोमाचं, म्हणजे इन्सुलिन सोडणाऱ्या स्वादुपिंडातल्या गाठीचं, असू शकतं. तो वर्षाला दहा लाखांत एक ते चार जणांनाच होतो, म्हणून चटकन कुणाच्या लक्षात येत नाही आणि वर्षं जातात. पण दहातल्या नऊ गाठी साध्या, म्हणजे कर्करोगाच्या नसलेल्या, असतात, ऑपरेशनने त्रास कायमचा जातो. निदान होईपर्यंत उपास बंद. फिट्सच्या गोळ्या मात्र मनाने सोडू नका. घरात कुणाला मूतखडे, रक्तात कॅल्शियम जास्त, पिट्युटरीची गाठ असं असेल तर सांगा. 'मेन-१' हा अनेक ग्रंथींत गाठी आणणारा आनुवंशिक दोष कुटुंबात चालतो.

पुण्यात असे रुग्ण किती? (औंध)

मुंबईत कर्करोग नोंदणी १९६३ पासून आहे, बार्शीत ग्रामीण नोंदणी १९८७ पासून, पुण्यातही जुनी आहे. पण छापील तक्ते अवयवानुसार असतात: 'स्वादुपिंड' या एकाच ओळीत नेहमीचा कर्करोग आणि न्यूरोएंडोक्राइन गाठी, दोन्ही आजार मिसळतात. साध्या ठरवलेल्या गाठी तर त्या ओळीत येतही नाहीत. म्हणून डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'स्वादुपिंडाची गाठ' लिहिलं असेल तर डॉक्टरांकडून गाठीचा प्रकार आणि ग्रेड लिहून घ्या, बायोप्सीचा रिपोर्ट जपून ठेवा. नोंद करणारे त्याच कागदांवरून लिहितात.